बारदान्यामागचे घर

महोदय,

व्हिक्टोरिया राणीच्या काळाविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा महाल आणि मेजवान्यांचेच वर्णन येते. स्कॉटलंडमधील कामकरी कुटुंबाचे घर त्यात क्वचितच दिसते. 1861 च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे एक तृतीयांश घरे एकखोलीच होती, आणि चूल, भिंतीच्या कोनाड्यातला पलंग, बाळंतपण व आजारपण हे सारे त्याच खोलीत उरकावे लागे. ग्लासगोत 1862 च्या कायद्यानंतर लहान घरांच्या दारावर किती माणसांनी राहावे याचा आकडा असलेली धातूची पट्टी ठोकली जाई आणि निरीक्षक मध्यरात्री येऊन झोपलेली डोकी मोजत.

आपल्या मोंढ्याला स्कॉटलंडमधलेच डंडी शहर अधिक जवळचे आहे, कारण बंगालचा ताग व्हेलच्या तेलाने मऊ करून तेथे गोणपाट विणले जाई. गिरण्यांना स्वस्त मजुरी हवी असल्याने कामावर मुख्यतः स्त्रिया असत, आणि बेकार होऊन घर सांभाळणाऱ्या नवऱ्यांना ‘किटली उकळणारे’ म्हणून हिणवले जाई (हा टोमणा आमच्या पारावरही खपला असता). ऊसतोडीच्या कोप्या पाहिलेल्या मराठवाड्यातील वाचकांसाठी आपल्या पुरवणीत या घरांवर सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, परभणी