पिलांना वाट कोण दाखवते?

न्यूपोर्ट, वेल्स
२९ ऑगस्ट

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर मी गोल्डक्लिफच्या तळ्यांवर दिसलेल्या पाणपक्ष्यांविषयी सांगत होते, तेव्हा आई, तू मध्येच विचारलेस, "आईबाप आधीच निघून जातात म्हणतेस, मग पिलांना वाट कोण दाखवते?" मी त्यावर घाईघाईने दोन वाक्ये बोलले आणि बोलणे बाबांच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांकडे वळले. तो प्रश्न मात्र आठवडाभर माझ्या मनात राहिला आहे. त्याचे उत्तर फोनवर नीट देता येण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र. बाबांच्या डोळ्यांना ताण नको म्हणून अक्षर मोठे काढले आहे, तरीही ते थकले तर तू वाचून दाखव.

आधी जागेविषयी सांगते. न्यूपोर्टच्या दक्षिणेला सेव्हर्न नदीच्या खाडीला लागून सपाट, ओलसर, गवताळ प्रदेश आहे, त्याला ग्वेंट लेव्हल्स म्हणतात. रोमन लोकांच्या काळापासून बांध घालून आणि चर खणून ही जमीन समुद्रापासून राखलेली आहे, आणि त्या चरांना इथले लोक आजही 'रीन' म्हणतात. कार्डिफच्या उपसागरावर धरण बांधले तेव्हा टॅफ आणि ईली या नद्यांच्या मुखांवरचा चिखल कायमचा पाण्याखाली गेला. त्या नुकसानीची भरपाई म्हणून २००० साली इथे पाणथळ राखीव क्षेत्र उघडण्यात आले. पश्चिमेकडे वीजकेंद्राची राख साठवण्याचे जुने खड्डे होते, तिथे आता देवनळाचे दाट रान आहे, आणि पूर्वेकडे गोल्डक्लिफला शेतजमिनीवर खाऱ्या पाण्याची उथळ तळी तयार केली आहेत. जागा फार सुंदर झाली आहे, पण ती खरी भरपाई आहे असे मला वाटत नाही. कार्डिफच्या चिखलावर हिवाळा काढणाऱ्या लाल पायांच्या रेडशँक पक्ष्यांच्या पायांत संशोधकांनी रंगीत कडी घातली होती. चिखल गेल्यावर ते शेजारच्या रम्नी नदीच्या मुखाशी सरकले, तिथे त्यांचे वजन घटले आणि पुढच्या हिवाळ्यांत त्यांच्यातले जगणाऱ्यांचे प्रमाणही कमी झाले. हक्काची जागा गेली की पक्षी दुसरीकडे जाऊन सुखाने राहतो, असे आपण सहज म्हणतो. तसे होत नाही. म्हणूनच याच लेव्हल्सवरून मोठा महामार्ग नेण्याचा बेत २०१९ मध्ये वेल्सच्या सरकारने रद्द केला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

बाबा, नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात आपण उजाडताना चापडगावच्या मनोऱ्यावर पोहोचायचो, कारण तिथे उन्हाचा आणि माणसांच्या वर्दळीचा हिशेब करावा लागतो. इथे हिशेब भरतीचा असतो. सेव्हर्नच्या खाडीतली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे, उधाणाच्या दिवशी पाणी चौदा मीटरच्या आसपास चढते. ओहोटीच्या वेळी पक्षी मैलोन्मैल पसरलेल्या चिखलावर विखुरलेले असतात आणि दुर्बिणीतूनही ठिपक्यांएवढे दिसतात. भरती वर येऊ लागली की पायाखालची जमीन संपत जाते आणि ते थव्याथव्यांनी बांध ओलांडून आतल्या तळ्यांवर विसाव्याला येतात. त्यामुळे पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी जाऊन लाकडी खोपीत गुपचूप बसायचे, एवढेच करावे लागते. गेल्या शनिवारी मी तशीच बसले होते. आधी डन्लिन आले, मग चिखले, मग गॉडविटांचा मोठा थवा आला, ज्यांच्यातल्या बहुतेकांचा जन्म आइसलँडमध्ये होतो. सगळे उतरून पिसे सारखी करेपर्यंत जो कलकलाट चालतो, तो ऐकताना मला आपल्या बंधाऱ्यावरच्या जानेवारीच्या सकाळी आठवल्या.

ऑगस्ट महिना इथल्या लोकांच्या लेखी उन्हाळा आहे. शाळांना सुट्टी असते आणि समुद्रकिनारे भरलेले असतात. तुतारीकुळातल्या पक्ष्यांचा शरद ऋतू मात्र जूनच्या शेवटीच सुरू होतो. सर्वांत आधी येते ती आपली हिरवी तुतारी. बाबा, तुमच्या वहीत तिला 'काळ्या पंखांची, पांढऱ्या कमरेची, उडताना ओरडणारी' असे लिहिलेले मला आठवते. ती पाणपक्षी असूनही उत्तरेकडच्या दलदलीच्या जंगलांत झाडावर, बहुतेक वेळा कस्तुर पक्ष्याच्या जुन्या घरट्यात अंडी घालते. पिले अंड्यातून बाहेर पडताच खाली उडी मारतात आणि आई बऱ्याचदा बाप व पिलांना मागे ठेवून दक्षिणेकडे निघते. त्यामुळे जूनच्या अखेरीस इथल्या एखाद्या रीनच्या काठावर जी पहिली हिरवी तुतारी दिसते, ती बहुधा तिकडचा संसार उरकून आलेली मादी असते. ठिपकेवाली तुतारी इथे मोजकीच दिसते. तिची भुवई ठळक, पाय लांब आणि पिवळसर, आणि पंखांची खालची बाजू फिकट असते. या तीन खुणा तुम्ही मला नाशिकला शिकवल्या होत्या, त्या इथे जशाच्या तशा उपयोगी पडल्या.

आई, तुझ्या प्रश्नाला ज्या पक्ष्यामुळे तोंड फुटले, तो कर्ल्यू सँडपायपर. डन्लिनांच्या गर्दीत तो थोडा उंच दिसतो, चोच टोकाकडे हळूच वाकलेली असते आणि उडाला की कमरेवरचा पांढरा पट्टा चमकतो. त्याची वीण फक्त सायबेरियाच्या आर्क्टिक किनाऱ्यालगतच्या टुंड्रात होते. नर अंडी उबवत नाही, पिलांकडेही पाहत नाही, आणि जुलैच्या सुरुवातीलाच निघून जातो. मादी पिले वाढवते आणि तीही त्यांच्या आधी निघते. पिले उरतात, ती ऑगस्टमध्ये आपापल्या पंखांवर निघतात. हा क्रम गोल्डक्लिफच्या तळ्यावर डोळ्यांनी वाचता येतो. जुलैअखेरीस आणि ऑगस्टच्या आरंभी जे येतात त्यांच्या अंगावर विटकरी रंगाचे डाग उरलेले असतात, पिसे झिजलेली असतात. ते मोठे पक्षी. ऑगस्टच्या शेवटी जे येतात त्यांच्या पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट किनार असते, जणू कुणी एकेक खवला रेखून काढला आहे, आणि छातीवर पिकलेल्या पीचसारखी हलकी झाक असते. शनिवारी मला असे तीन दिसले. दोन-अडीच महिन्यांपूर्वी ते अंड्यात होते. त्यांच्यासोबत हा प्रवास आधी केलेले कुणीही नव्हते. मामाच्या घराजवळ ऐरोलीच्या खाडीवर हिवाळ्यात याच जातीचे जे पक्षी येतात, तेही त्याच सायबेरियातून आणि त्याच क्रमाने निघालेले असतात.

मग वाट कोण दाखवते? हॉलंडमधल्या पर्डेक नावाच्या शास्त्रज्ञाने याचा छडा लावण्यासाठी एक मोठा प्रयोग केला होता. शरद ऋतूत हॉलंडवरून जाणारे स्टारलिंग पक्षी, म्हणजे आपल्या भोरड्यांचे भाऊबंद, हिवाळ्यासाठी उत्तर फ्रान्स आणि ब्रिटनकडे जात असतात. त्याने ते हेगजवळ पकडले, पायांत कडी घातली आणि विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. अशा पक्ष्यांची संख्या अकरा हजारांवर गेली. निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मोठ्या पक्ष्यांनी ही वाट आधी उडून पाहिली होती, त्यांनी आपण भलत्या ठिकाणी आहोत हे ओळखले आणि दिशा बदलून आपल्या नेहमीच्या मुलखाकडे वळले. पहिल्याच प्रवासाला निघालेल्या पिलांनी मात्र दिशा बदलली नाही. ती हॉलंडमधून ज्या दिशेने गेली असती, त्याच दिशेने स्वित्झर्लंडमधून गेली आणि दक्षिण फ्रान्स व स्पेनमध्ये पोहोचली. याचा अर्थ असा, की कोणत्या दिशेला आणि साधारण किती दिवस उडायचे, एवढी शिदोरी पिलू अंड्यातूनच घेऊन येते. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधाराने ते ती दिशा धरून ठेवते. पण वाट चुकली तर ती सुधारण्याचे ज्ञान जन्मतः मिळत नाही. ते एकदा जाऊन आल्यावरच येते. म्हणून पहिल्या वर्षी इतकी पिले हरवतात आणि मरतात, आणि जी परत येतात त्यांच्या ठिकाणी ती वाट आयुष्यभर पक्की होते.

सगळ्यांचे असेच असते असे मात्र नाही, आणि मला हे सांगताना विशेष समाधान वाटते. क्रौंच पक्ष्यांची पिले पहिला प्रवास आईवडिलांबरोबर करतात आणि हिवाळाभर त्यांच्या सोबत असतात. गोल्डक्लिफच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी चिखलाचे जे जुने थर उघडे पडतात, त्यांत सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वीची माणसांची पावले उमटलेली सापडली आहेत. त्यांत लहान मुलांचीही पावले आहेत, आणि त्याच चिखलात क्रौंचांच्या पायांचे ठसेही आहेत. पुढे वेल्समधून क्रौंच नाहीसे झाले. शेजारच्या सॉमरसेटमध्ये २०१० पासून, जर्मनीतून अंडी आणून, माणसांनी क्रौंचासारखा पोशाख घालून पिले वाढवली आणि सोडली. त्यांच्यातल्या एका जोडीने २०१६ मध्ये ग्वेंट लेव्हल्सवर पिलू वाढवले. चारशेहून अधिक वर्षांनंतर वेल्समध्ये जन्मलेला तो पहिला क्रौंच होता. त्या ठशांजवळच्या बांधावरून चालताना मी दर वेळी थोडी थांबते.

आणि बाबा, ऑस्प्रेविषयी तुम्हाला मुद्दाम सांगायचे आहे. मासे पकडणारा हा शिकारी पक्षी वेल्समध्ये २००४ पासून पुन्हा घरटी करू लागला. इथे उन्हाळा सरता सरता मादी सर्वांत आधी आफ्रिकेच्या वाटेला लागते. त्यानंतर एकेक पिलू आपल्या वेळेला, एकटेच निघते. बाप मात्र मागे राहतो. शेवटचे पिलू घरट्यावर येऊन ओरडते तोपर्यंत तो मासे आणून देत असतो, आणि बहुतेक वेळा तो सगळ्यांच्या शेवटी निघतो. परवा सकाळी अस्क नदीच्या मुखावर एक ऑस्प्रे दक्षिणेकडे जाताना दिसला. त्याच्या पाठीवरच्या पिसांना फिकट कडा होत्या, म्हणजे तो या वर्षीचा होता. मी तो खाडीपलीकडे दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

देवनळाच्या रानात सध्या संध्याकाळी माळभिंगऱ्या मुक्कामाला उतरतात. आपल्या वीजतारांवर ज्या बसतात त्याच जातीच्या, पण त्या तुमच्याकडे येणाऱ्या नव्हेत. ब्रिटनमध्ये १९११ च्या मे महिन्यात कडे घातलेली एक माळभिंगरी १९१२ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सापडली, तेव्हा पहिल्यांदा त्यांचा हिवाळ्याचा पत्ता लागला. त्याच रानात सेज वॉर्बलर नावाचा दहा-बारा ग्रॅमचा पक्षी नळावरचा मावा खाऊन जवळजवळ दुप्पट वजनाचा होतो आणि सहाराच्या पलीकडे जाण्यासाठी लांबच लांब टप्पा घेतो. गुरांच्या पायांत घुटमळणारे पिवळे धोबीही आहेत. धोब्याला वेल्श भाषेत 'सिग्लेन' म्हणतात, म्हणजे हलणारा. त्यांनी त्याची शेपूट पाहिली आणि आपल्या लोकांनी त्याचा घाट पाहिला, हे मला फार आवडले.

माझ्या तळ्यावरची हिरवी तुतारी आणि तुमच्या बंधाऱ्यावरची हिरवी तुतारी एक नाहीत, हे मला माहीत आहे. इथली स्कँडिनेव्हियाकडून येते आणि तुमच्याकडची रशिया व मध्य आशियाच्या बाजूने येते. तरीही दोन्ही एकाच घाईने निघालेल्या असतात. तुमच्या जुन्या वहीत बहुतेक वर्षी तिची पहिली नोंद पोळ्याच्या आधीची आहे. तेव्हा माझी एक विनंती आहे. डॉक्टरांनी बाहेर जायची परवानगी दिली की शेजारच्या काकांची गाडी घेऊन दोघेही एकदा चापडगावला जाऊन या. मनोऱ्याच्या पायऱ्या चढू नका. कालव्याच्या काठावर, जिथे आपण डबा खायचो, तिथून दिसेल. बाबांना ती दिसली नाही तरी आवाज ऐकू येईल, आणि आईची नजर अजून चांगली आहे. तारीख, वेळ आणि किती होत्या एवढे वहीत लिहा आणि मला कळवा. इथली पहिली मी २६ जूनला, गोल्डक्लिफच्या दुसऱ्या तळ्यालगतच्या चरात, सकाळी सव्वासातला पाहिली, एकटीच होती.

थेंब वेळेवर घालावेत. आईने गुडघ्याला तेल लावणे सोडू नये.

कळावे.

तुमची,
नंदा