सही सुटली, झोपा आता

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव घालू नका असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून नुसतं 'ताई'. पण चारचौघांत आभार मानणार नाही, असं काही मी कबूल केलं नव्हतं.

तुम्ही दुरुस्त करून दिलेलं चित्र परवा भिंतीवर लागलं. तुम्ही सांगितलंत तसं आतल्या भिंतीवर, जिथे पावसाळ्यात ओल येत नाही. तेव्हापासून जाता-येता तिथे थांबतो. हिला वाटतं, मी चष्मा शोधतोय.

तुम्हाला आता सगळं पाठ आहे, पण हे पत्र वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. १ मे १९५५. इटलीतली 'मिल्ले मिलिया' ही मोटारींची शर्यत. ब्रेशाहून निघायचं, रोमला वळसा घालून परत ब्रेशाला यायचं, जवळजवळ हजार मैल, तेही गावागावांतल्या नेहमीच्या रस्त्यांवरून. ब्रिटिश रेसर स्टर्लिंग मॉसची चंदेरी मर्सिडीज सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली, म्हणून तिच्यावर आकडा ७२२. शेजारी डेनिस जेन्किन्सन हा दाढीवाला पत्रकार. त्याच्या हातात एक डबी आणि डबीत पाचेक मीटर लांब कागदाची गुंडाळी. आधी रस्ता पालथा घालून त्याने धोक्याची वळणं आणि चढ त्यावर उतरवून ठेवले होते. इंजिनच्या गोंगाटात बोललेलं ऐकू येईना, म्हणून कागद पुढे सरकवत हा खुणा करायचा आणि मॉस त्या खुणांवर विश्वास ठेवून गाडी दामटायचा. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंद. दुसरा आलेला फान्जिओ एकटाच गाडीत होता आणि अर्ध्या तासाहून जास्त मागे राहिला.

हे ऐकून तुम्ही म्हणालात, "म्हणजे शर्यत कागदवाल्याने जिंकली की!" इतकी वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगतोय. असं कुणीच म्हणालं नव्हतं.

त्या गाडीच्या चित्राची ही मोजक्या प्रतींतली छापील प्रत. खाली कोऱ्या पट्टीत डावीकडे प्रतीचा क्रमांक, मधे चित्रकाराची सही आणि उजव्या कोपऱ्यात खुद्द मॉसची, सगळं शिसपेन्सिलीने. इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीत नोकरीला होतो तेव्हा ब्यूलीच्या बाजारात घेतली. ब्यूलीला दर सप्टेंबरात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरतो. आपला जुना बाजारच, फक्त चिखल इंग्लिश. तोवर माझी मजल मायकेल टर्नरच्या रेसिंगच्या चित्रांच्या ख्रिसमस कार्डांपर्यंतच गेली होती. सहीवाली प्रत हे मोठ्या माणसांचं काम. त्या दिवशी हिंमत केली. खरा आकडा घरी अजून सांगितलेला नाही.

पुण्याला सामान हलवताना फ्रेमची काच फुटली. इथल्या एका फ्रेमवाल्याकडे चित्र दिलं. दुकान मोठं, एसी, कॉफीसुद्धा विचारली. तो म्हणाला, "साहेब, ही पांढरी पट्टी उगाच आहे, कापून टाकू? चित्र भरल्यासारखं दिसेल." मी ओरडलो म्हणून खालची पट्टी तेवढी वाचली. वरची आणि दोन्ही बाजूंची मी दुकानाबाहेर पडल्यावर गेली. शिवाय कागद सपाट राहावा म्हणून अख्खं चित्र पांढऱ्या गमाने हार्डबोर्डवर चिकटवलं. दोन पावसाळ्यांत कागदाला पोक आलं, तपकिरी ठिपके उठले, खालचा उजवा कोपरा पिवळा पडायला लागला. तक्रार घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, "फोटो द्या, कॅनव्हासवर नवीन प्रिंट काढून देतो, याच्यापेक्षा झकास." सहीचं काय, विचारलं. "ती पण येईल ना त्यात!"

२०२० च्या एप्रिलमध्ये मॉस गेले. ती पण येईल ना त्यात.

पुढे आणखी दोघांनी चित्र हातात न घेताच नाही म्हटलं. एकजण तर हसला. मग कुणीतरी तुमचा दादरचा पत्ता दिला.

तुम्ही आधी पंखा बंद केलात, हात धुऊन आलात आणि भिंग घेऊन बराच वेळ नुसतं पाहत बसलात. मग म्हणालात, "मला गाड्यांतलं काही कळत नाही. कागदातलं थोडं कळतं. पूर्वीसारखं होणार नाही. एक-दोन डाग राहतील." मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तिथे. काय जमणार नाही हे आधी सांगणारा माणूस भेटला की निम्मं काम झालं असं मी समजतो. नोकरीत चाळीस वर्षं अशाच मेकॅनिकांच्या जिवावर काढली. सही पेन्सिलीची आहे हे नशीब, असंही तुम्ही सांगितलंत. पाण्याने पसरत नाही, उजेडाने विटत नाही, फक्त कुणी घासता कामा नये. स्केचपेनने केली असती तर आपण दोघं इथे बसलोच नसतो.

पुढचे तीन आठवडे तुम्ही काय काय केलंत ते मी इथे लिहीत नाही. मला ते धड कळलंही नाही.

पण एक लिहायलाच हवं. एका मंगळवारी रात्री सव्वादहाला फोन वाजला. तुमचा नंबर बघून माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही नमस्कार वगैरे काही नाही, एकदम म्हणालात, "कोपरा मोकळा झाला. सही सुटली, शाबूत आहे. झोपा आता." आणि फोन ठेवलात.

चित्राचं निम्मं काम अजून बाकी होतं. सकाळी सांगितलं असतंत तरी चाललं असतं. मी जागा असेन असं मी तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं. हिला सांगायला गेलो आणि आवाजच फुटेना. साठी उलटलेला माणूस पेन्सिलीच्या चार इंचांसाठी रडतोय म्हणून ती आधी घाबरली आणि मग चहा ठेवायला गेली, रात्री साडेदहाला.

आता मागच्या चाकापाशी एक फिकट डाग राहिलाय. ही म्हणते, गाडीने उडवलेली धूळ आहे. पाहुण्यांनाही तसंच सांगते.

आणि ते पाकीट. चित्रासोबत तुम्ही हार्डबोर्डचे सोलून काढलेले तुकडे दिलेत, गमाच्या पापुद्र्यांसकट. म्हणालात, "फेकू नका. पुन्हा कुणी चिकटवू का विचारलं तर दाखवा." मला वाटलं, गंमत करताय. गेल्या रविवारी शेजारचे नातवाचं पदवी प्रमाणपत्र घेऊन आले, चांगला फ्रेमवाला कुठे आहे विचारत. मी खण उघडला आणि पाकीट त्यांच्यापुढे रिकामं केलं.

तुमचा नंबर त्यांना दिलाय. रागावू नका.

तुमचा,
७२२ वाला, कोथरूड