नाना, पाऊस असा मोजा

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो

ती. नाना व सौ. माय यांस, शि. सा. नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर. माय, पाऊस मोजतो म्हणून नोकरी सोडलेली नाही. सकाळी सातला पाऊस मोजायला दोन मिनिटं लागतात. पगार नाही, पण खर्चही मापकापुरताच.

28 जुलै 1997 ला या गावाच्या पश्चिमेला फूटभराहून जास्त पाऊस कोसळला, पूर्वेला जेमतेम. आपल्याकडे एका शिवारात पाणी नि शेजारच्यात धूळ, तसंच. पाच माणसं गेली. म्हणून 1998 मध्ये इथल्या विद्यापीठाच्या हवामान केंद्राने लोकांच्याच अंगणात मापकं लावायला घेतली. कोकोराझ म्हणतात त्याला; मीही त्यातच मोजतो.

या लोकांचं एक अजब आहे. पाऊस नसला तरी रोज शून्य कळवतात! पण ते बरोबरच आहे. रकाना कोरा म्हणजे कोणी पाहिलंच नाही. शून्य म्हणजे पाहिलं, पाऊस नव्हता. दुष्काळाचा हिशेब या शून्यांवरच होतो. नुसते शिंतोडे पडले, मापात आले नाहीत, तर शून्यही नाही, 'टी' लिहायचं, म्हणजे ट्रेस, नाममात्र.

मापकाचं तोंड 4 इंची. आतल्या नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ त्याच्या दहाव्या हिश्श्याचं, त्यामुळे 1 इंच पाऊस नळीत 10 इंच चढतो आणि इंचाचा शंभरावा भागही वाचता येतो. जास्तीचं पाणी बाहेरच्या नळकांड्यात उतरतं; ते नरसाळ्यातून पुन्हा नळीत ओतून बेरीज करायची. हिवाळ्यात नरसाळं आणि नळी काढून ठेवतात, नाहीतर बर्फाने नळी तडकते.

नाना, तुम्ही घरीच करा. 10 सेंटिमीटर तोंडाचं, उभ्या काठाचं खोल नरसाळं बाटलीवर घट्ट बसवा. उथळ असेल तर थेंब उडून जातात. फवारणीचं औषध मोजायच्या मापाने पाणी मोजा: 78.5 मिली म्हणजे 10 मिमी. निंब 20 फूट उंच असेल तर 40 फूट लांब ठेवा. गच्चीवर नको, वाऱ्याने पाऊस कमी भरतो. केळीजवळही नको, पानांवरचं पाणी ठिबकतं. वेळ साडेआठचीच धरा, सरकारी आकडाही तेव्हाचाच असतो. पीकविम्याला महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचाच आकडा चालतो, त्यामुळे यावरून भांडायला जाऊ नका. पण एका दिवसात 65 मिमीच्या वर गेलं, म्हणजे अतिवृष्टी झाली, की तलाठ्याला लगेच फोन करा.

पैसे पाठवलेत. ठिबकचा हप्ता भरा, उरलेल्यात पेरणीला सालदाराच्या जोडीला आणखी एक माणूस लावा. नाना, एकट्याने ओढू नका, त्यासाठीच जास्त टाकलेत. मुन्नीच्या साखरपुड्याला जमणार नाही, रजा लग्नासाठी राखलीय. तिला मीच फोन करतो, तुम्ही आधी सांगू नका. पारोळ्याच्या स्थळाला अजून शब्द देऊ नका. फोटो पाहिला, नाही म्हणत नाही; आधी आमचं बोलणं होऊ द्या. माय, रागावू नको. तिकीट काढलं की लगेच कळवतो.

तुमचा,
बाळू