संध्याकाळी सातचा टीव्ही कोण लावते?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टी लागली, की मुले दिवसभर टीव्हीसमोर बसतात ही तक्रार आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर रोज ऐकू येते. तक्रार खरी आहे. मात्र ती करणाऱ्या बहुतेकांच्या घरी, आणि त्यात मीही आलो, संध्याकाळी सातच्या ठोक्याला टीव्ही मोठी माणसेच लावतात, याचा उल्लेख कोणी करत नाही.

आमची नात आता सात वर्षांची आहे. ती दीड वर्षाची असताना भरवताना समोर कार्टून लावून देण्याची सवय आम्हीच तिला लावली, कारण पडद्याकडे पाहता पाहता घास चटकन आत जात असे आणि आम्हाला त्याचेच कौतुक वाटे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांहून कमी वेळ तो असावा. हे वाचनात आल्यावर आम्ही तिच्या वाहिन्या बंद केल्या. परिणाम असा झाला, की ती माझ्या शेजारी बसून बातम्यांतील आरडाओरडा आणि तिच्या आजीबरोबर मालिकेतील सासू-सुनांची भांडणे तितक्याच तन्मयतेने पाहू लागली.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, हे वाचकांना आठवत असेल. त्या निर्णयातील मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे तो भोंगा केवळ मुलांसाठी नव्हता, साऱ्या गावासाठी होता. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही तीच वेळ भोंग्याशिवाय पाळतो. पहिला आठवडा कठीण गेला, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर नातीपेक्षा मलाच अधिक. रिमोट कपाटात ठेवला असूनही हात सवयीने टीपॉयकडे जाई. हळूहळू त्या दीड तासात मेथी निवडणे, लसूण सोलणे आणि जेवणाआधी बदाम सातचे दोन डाव असा क्रम बसला. (डावात मी मुद्दाम हरतो असे घरातले म्हणतात, ते खरे नाही.) यासाठी कोणताही छंदवर्ग लावावा लागला नाही, घरातील कामात मुलांना खरोखरीचा वाटा दिला, तर ती त्यात रमतात असा आमचा अनुभव आहे.

हिवाळ्यात एका रविवारी तिला नांदूर मध्यमेश्वरला नेले. राज्यातील या पहिल्या रामसर स्थळावर (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागी) काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा ‘वारकरी’ पक्षी दाखवल्यावर तिने लगेच ‘मग याची दिंडी कुठे आहे?’ असे विचारले. पाण्यावर त्यांचा थवाच होता, त्यामुळे उत्तर सोपे गेले.

दादासाहेब फाळके यांच्या जन्माचा मान ज्या त्र्यंबकेश्वरला आहे, तेथून जवळच राहणाऱ्या माणसाने पडद्याचाच द्वेष करावा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. घरच्यांनी एकत्र बसून एखादा चित्रपट पाहणे आणि एक भाग संपताच आपोआप दुसरा सुरू होत राहणे, यांत फरक आहे, एवढेच.

मात्र पडदा बंद झाल्यावर मुलांनी जायचे कुठे? आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी ठळक पाटी आहे आणि सभागृहाला वर्षातील बहुतेक दिवस कुलूप असते. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या आणि पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत नेणारा ‘ग्रंथ तुमच्या दारी’सारखा उपक्रम सुरू करणाऱ्या या नाशिक शहरात, बंद सभागृहात बालसाहित्याची एक पेटी आणि दोन कॅरम ठेवणे कोणत्याही सोसायटीला अवघड जाऊ नये. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरणाऱ्या रकमेत हे सहज बसेल.

पाटी काढावी आणि सभागृह रोज संध्याकाळी उघडावे, असा अर्ज मी गेल्या आठवड्यात आमच्या कार्यकारिणीकडे दिला आहे. त्यावरील चर्चेसाठी सभा संध्याकाळी बरोबर सात वाजता बोलवावी, अशी विनंतीही त्यात केली आहे. पाहू या, किती सभासद येतात.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक