मोसंबी-लिंबाला कोयता नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये झाडछाटणीची लगबग सुरू होते. वादळात फांदी मोडून माणसावर किंवा गाडीवर पडू नये म्हणून गुलमोहर, पर्जन्यवृक्ष अशा मोठ्या झाडांचा भार कमी करावाच लागतो. त्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढली जाते, माणसं येतात, काम होतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्याच दिवशी, त्याच कोयत्याने, ‘आलोच आहोत तर हेही उरकून टाकू’ म्हणून छाटल्या जाणाऱ्या लिंबू, मोसंबी, ईडलिंबू आणि पपनसाच्या झाडांबद्दल. ही झाडं कुणाच्या डोक्यावर पडणारी नाहीत. तरी दरवर्षी ती छातीच्या उंचीवर सपाट कापली जातात आणि मग ‘आमच्या लिंबाला फळच धरत नाही’ हे गाऱ्हाणं वर्षभर ऐकू येतं.

माझं माहेर वरुडचं. घरी संत्र्याची बाग होती. लग्न होऊन ठाण्याला आले ती पोखरण रस्त्यावरच्या तळमजल्याच्या घरात, आणि खिडकीपुढच्या पट्ट्यात पहिलं झाड लावलं ते कागदी लिंबाचं. त्यामुळे हे पुस्तकातून वाचून लिहीत नाही.

आमच्या आवारात एका शेजाऱ्यांनी जालन्याहून आणलेलं मोसंबीचं कलम होतं. इथल्या दमट हवेत मोसंबीला पिवळा रंग चढत नाही, पण रस धरतो, आणि या झाडाला चांगली फळं येत होती. काही वर्षांपूर्वी कंत्राटदाराच्या माणसांनी ते मेमध्ये पार खालपर्यंत तोडलं. पावसाळ्यात बुडातून जोरदार हिरवी फूट आली आणि सगळ्यांना वाटलं, झाड काय छान फुटलंय! मी एक पान चुरगळून वास घेतला. मोसंबीचा नव्हता. काटेही लांब आणि राकट. ही सगळी फूट डोळ्याच्या, म्हणजे कलमाच्या सांध्याच्या, खालची होती; म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलेलं असतं त्या खुंटाची. मोसंबी आणि संत्र्याचे डोळे बहुधा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधतात. खोडावर जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर जो वाकडा, जाडसर सांधा दिसतो, त्याच्या वरची मोसंबी आणि खालचा जंबेरी. वरचा भाग कमजोर पडला की खुंट डोकं वर काढतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत मोसंबी गिळून टाकतो. यंदाच्या थंडीत त्या झाडाला फळं धरली ती खडबडीत सालीची, आंबटढोण. लोक म्हणतात ‘झाड फिरलं’. झाड फिरलं नाही. मोसंबी मेली आणि तिच्या जागी खुंट वाढला.

म्हणून पहिली विनंती: तुमच्या आवारात कलमी झाड असेल तर डोळ्याच्या सांध्यावर आजच गेरूचा ठळक पट्टा ओढा. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुना लावतात तोच गेरू. पट्ट्याच्या खाली जे फुटेल ते कोवळं असतानाच अंगठ्याने मोडून काढायचं. तेवढ्या कामाला कात्रीही लागत नाही. बियांपासून केलेल्या कागदी लिंबाला सांधा नसतो, तिथे हा प्रश्न येत नाही. पण बुडातून फुटणारी झुडपी वाढ त्याचीही कमी करावी, म्हणजे एक सरळ खोड मिळतं आणि खालून हवा खेळते.

छाटणी म्हणजे उंची कमी करणं, हाच समज लिंबूवर्गीय झाडांना मारतो. आमच्याकडे बागेत छाटणी म्हणजे दोन कामं: सल काढणे आणि पानसोट काढणे. सल म्हणजे वाळलेल्या, रोगट काड्या. त्या जिवंत भागापर्यंत, थोडा हिरवा भाग घेऊन कापायच्या. पानसोट म्हणजे जाड फांदीतून सरळसोट वर जाणारा, कोनदार देठाचा, मोठ्या पानांचा आणि लांब काट्यांचा फुटवा. तो झाडाचं बळ खातो आणि फळ देत नाही. तो फांदीलगत बुडापासून काढायचा, अर्धवट तोडला तर दोन फुटतात. बाकी झाडाला हात लावायचा नाही. लिंबाचं फूल नव्या फुटीवर येतं. कुंपणाच्या कात्रीने वरून गोल कापलं की फुलं येणारी टोकंच जातात आणि उत्तरादाखल झाड पानसोटांचा भारा उगवतं. शिवाय मेच्या उन्हात एकदम उघडी पडलेली साल भाजते, तडकते.

आणि मुहूर्त! ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच्या तोंडावर ताज्या जखमा करणं म्हणजे खैऱ्याला दार उघडून देणं. पानांवर, फळांवर पिवळ्या कडेचे खरबरीत तपकिरी डाग दिसतात तो हा रोग. त्याचे जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर उडतात आणि जखमेतून आत शिरतात. कागदी लिंबाला तो फार लवकर धरतो. छाटणी करायची ती दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, फळं उतरवल्यावर, धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने), आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसून. मोठ्या जखमेवर बोर्डो मलम लावायचं. शंभर ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटर पाण्यात, दोन्ही वेगवेगळे, प्लास्टिकच्या बादलीत, मग एकत्र. हेच मलम पावसाळ्यापूर्वी गुडघ्याच्या वरपर्यंत खोडाला फासलं तर डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला, आळा बसतो.

डिंक्यावरून आठवलं, पेव्हर ब्लॉक. खोडाला भिडवून ब्लॉक बसवायचे आणि उरलेल्या चार बोटं जागेत पाणी तुंबू द्यायचं, ही आमच्या शहराची रीतच होऊन बसली आहे. बुडाशी साचलेल्या पाण्याने साल कुजते आणि डिंक गळायला लागतो. अन्न घेणारी बारीक मुळं खोडाशी नसतात, माध्यान्हीच्या सावलीच्या कडेला असतात. आळं तिथे करायचं आणि खोडाशी मातीची भर चढती ठेवायची, पण डोळा मातीखाली जाऊ द्यायचा नाही. नव्या इमारतींच्या आवारात भरावाबरोबर सिमेंटचा चुराही आलेला असतो. तिथे पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो, कारण लोह आणि जस्त मुळांना घेता येत नाही. अशा ठिकाणी खड्डा मोठा घेऊन माती बदलल्याशिवाय झाड लावू नये.

पानांवरच्या अळ्यांसाठी फवारणीचा आग्रह धरणाऱ्यांना एक सांगणं आहे. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवी होणारी ती अळी लिंबावरच्या फुलपाखराची आहे. तिला बोट लावून पाहा, डोक्यामागून नारिंगी शिंग बाहेर काढते. आमच्या इमारतीतली मुलं शाळेतून येताना तेवढ्यासाठी थांबतात. रोप लहान असेल तर अळ्या वेचून काढाव्यात. मोठ्या झाडाचं त्यांनी फारसं बिघडत नाही.

महापालिकेच्या उद्यान विभागाला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे की, सोसायट्यांचे माळी आणि छाटणीचे कंत्राटदार यांच्यासाठी पावसाळ्यानंतर प्रत्येक प्रभागात अर्ध्या दिवसाचं प्रात्यक्षिक ठेवावं, प्रत्यक्ष झाडापाशी, सिकेटर हातात देऊन. आणि सोसायट्यांच्या समित्यांनी यंदाच्या यादीतून फळझाडं वगळून वेगळी ठेवावीत. ज्यांची झाडं आधीच कापली गेली आहेत, त्यांनी उघड्या खोडाला चुना लावावा, कापलेल्या जागी मलम भरावं आणि पाऊस थांबेपर्यंत पुन्हा कोयता लावू नये. फक्त डोळ्याखालची फूट दर आठवड्याला मोडत राहावी.

आपली,
एक वाचक,
पोखरण रस्ता, ठाणे (पश्चिम)