हॅम्बर्गच्या त्या ताईला, जिने माझ्या बाबांना कागद लिहून दिला

प्रिय ताई,

माझं नाव कुठे टाकू नकोस म्हणाली होतीस, म्हणून टाकत नाहीये. पण आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. तुला फोनवर 'थँक्यू ताई' एवढं पाठवलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं की आपण काहीच बोललो नाही. वयाने तू माझ्यापेक्षा लहानच असशील, तरी मला ताईच म्हणावंसं वाटतं.

आमची तुला अर्धीच गोष्ट माहितीये, बाकीची आज सांगते. बाबा रत्नागिरीचे, पंचविशी गाठायच्या आधीच बोटीवर गेले, इंजिनरूममध्ये ऑइलर, म्हणजे यंत्रांना तेल घालणारा. तेव्हा सुएझ कालवा बंद होता (१९६७ ते १९७५ बंदच होता तो), त्यामुळे मुंबईहून निघालेली बोट अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची. हॅम्बर्ग बंदर त्यांनी तेव्हा पाहिलेलं. पण खलाशाने पाहिलेलं हॅम्बर्ग म्हणजे गोदी, क्रेन, पाऊस आणि परत इंजिनरूम. शहर बघायला ना पैसे ना वेळ. एकच गोष्ट ते आम्हाला लहानपणापासून सांगायचे, की तिथे नदीच्या खालून बोगदा आहे, वरून जहाजं जातात आणि खालून माणसं चालत जातात, भिंतीला फरशा आणि फरशांवर मासे. गावातले लोक हसायचे. खलाशी म्हटला की थापा आल्याच असं लोकांना वाटतं. बाबा दर वेळी सांगायचे आणि दर वेळी कोणीतरी हसायचं.

माझा भाऊ जर्मनीत ब्राउनश्वाइगला नोकरीला आहे, त्याच्याकडे गेलो आणि ठरवलं की बाबांना हॅम्बर्ग दाखवायचंच. बजेट कमीच होतं. भावाने दोघांना तेव्हा, २०२५ मध्ये, ५८ युरोला मिळणारं डॉइचलँड तिकीट काढून दिलं, त्यावर महिनाभर साध्या ट्रेन, बस, मेट्रो सगळं चालतं, हॉस्टेलमध्ये दोन खाटा मिळाल्या, आणि भावाला सुट्टी नव्हती म्हणून मी आणि बाबा दोघंच.

आता ज्यांच्यामुळे तुझी किंमत जास्त कळली त्यांच्याबद्दल. पुण्यातल्या एका टूरवाल्याला मी आधी विचारलं होतं, तो म्हणाला हॅम्बर्गमध्ये बघण्यासारखं काही नाही मॅडम, तुम्ही स्वित्झर्लंड करा. मग व्हॉट्सअ‍ॅपवरून एक जण भेटला, आपल्याच लोकांना शहर फिरवतो म्हणे, त्याने पैसे आगाऊ घेतले आणि सकाळी बाबांची चाल बघून तोंड वाकडं केलं. दोन ठिकाणं झाल्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, 'काकांना गाडीतच बसू द्या, आपण पटकन फोटो काढून येऊ.' पंच्याहत्तरीचा माणूस, आयुष्यभर बोटीच्या लोखंडी शिड्या चढला उतरला, त्याला सामानासारखं गाडीत ठेवून जायचं? बोगद्याचं विचारलं तर म्हणाला, 'असलं काही नाहीये इथे, काकांचा काहीतरी गोंधळ होतोय.' बाबा काहीच बोलले नाहीत. मी तिथेच गाडीतून उतरले आणि बाबांनाही उतरवलं, पैसे बुडाले ते बुडाले. आणि एक लांबचे नातेवाईक, तिथेच राहणारे, 'आलात की नक्की कळवा हं' म्हणणारे, त्यांना कळवलं तर त्या आठवड्यात ते नेमके बाहेर होते. असो.

तर आम्ही दोघं लांडुंग्सब्रुकनच्या धक्क्यावर बाकावर बसलो होतो, वारा कसला होता आठवतंय ना, मे संपत आला तरी कानाला झोंबत होता. बाबा गप्प. मी त्यांना पाणी घ्या पाणी घ्या म्हणत होते आणि ते नको नको म्हणत होते. तेवढ्यात तू मागून आलीस आणि म्हणालीस, 'काका, मराठी ऐकू आलं म्हणून थांबले.' डोळे तुझे सुजलेले, वृद्धाश्रमातली नाइट करून घरी चालली होतीस. दहा मिनिटं बोलून निघाली असतीस तरी आम्हाला आनंदच होता. पण बाबांनी भीतभीत बोगद्याचं विचारलं, खरंच भीतभीत, आणि तू हातानेच दाखवलंस, 'तो काय काका, ती घुमटाची इमारत दिसतेय ना, तिच्यातून खाली जायचं. चला, मी येते.'

त्या वेळचा बाबांचा चेहरा तू पाहिलास की नाही मला माहीत नाही, मी पाहिला.

आल्टर एल्बटुनेल, म्हणजे एल्ब नदीखालचा जुना बोगदा. १९११ सालचा, २४ मीटर खाली, ४२६ मीटर लांब, पायी जाणाऱ्याला एक पैसा लागत नाही. पलीकडच्या श्टाइनवेर्डरच्या जहाजांच्या कारखान्यात कामगारांना जाता यावं म्हणून बांधलेला, हे तू सांगितलंस, आणि मग जे केलंस ते त्या पैसे घेणाऱ्या माणसाला जन्मात सुचलं नसतं. तू सांगायचं थांबवलंस आणि बाबांना विचारायला लागलीस. काका, तेव्हा या लिफ्टमधून मोटारी जायच्या का हो? कामगार कसे असायचे, सायकली घेऊन? तुमची बोट कुठे लागायची? आणि बाबा बोलायला लागले ताई. लिफ्टमध्ये बोलले, बोगद्यात बोलले, भिंतीवरचे मासे आणि खेकडे हात लावून दाखवले, तेव्हा बोट आठ-दहा दिवस बंदरात असायची, चहा, ताग, कातडी सगळं क्रेनने एकेक उतरायचं, आता कंटेनरमुळे बोट आली कधी गेली कधी कळत नाही, हे सगळं सांगितलं. पलीकडे वर आलो तर समोर नदी आणि नदीपलीकडे सगळं शहर, मिशेल चर्चचा मनोरा वगैरे. हा व्ह्यू लोक पैसे देऊन बोटीतून बघतात, आम्हाला फुकट मिळाला.

पण मला जे लिहायचंय ते हे नाही.

परत अलीकडे आल्यावर तू म्हणालीस आता मी जाते, झोपायला हवं. आणि गेली नाहीस. बाकावर बसून पिशवीतून वही काढलीस, त्यातला एक कागद फाडलास आणि बराच वेळ लिहीत बसलीस. मला वाटलं बघायच्या ठिकाणांची यादी असेल. लिहून झाल्यावर तू तो माझ्या हातात दिला नाहीस, बाबांच्या हातात दिलास, आणि म्हणालीस, 'काका, हा तुमच्याकडे ठेवा.'

बाबांनी वाचला, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवला. मग माझ्याकडची पाण्याची बाटली मागून घेतली आणि अर्धी संपवली.

रात्री त्यांनी मला तो दाखवला. मोठ्या अक्षरात, मराठीत, लांबूनही वाचता येईल असा. कुठे टॉयलेट आहे, फुकट की पैसे. कुठे बसायला बाक आहे. कुठे लिफ्ट आहे आणि ती कोणाला विचारायची. एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहाला वर प्लाझावर स्वच्छ टॉयलेट आहे, सरकता जिना खूप लांब आहे, उभं राहवत नसेल तर स्टाफला लिफ्ट विचारा. स्टेशनमध्ये टॉयलेटला पैसे पडतील, त्यापेक्षा जवळच ह्यूनरपोस्टनला सिटी लायब्ररी आहे, आत जाऊन बसा, कोणी काही विचारत नाही. ब्लांकेनेझेला कोणी जा म्हटलं तर जाऊ नका काका, सुंदर आहे पण पायऱ्याच पायऱ्या आहेत. आणि खाली, प्रत्येक जागेपासून पुढच्या बाकापर्यंत साधारण किती चालायला लागेल.

ताई, बाबा दिवसभर पाणी पीत नव्हते ते कशामुळे, मला माहीत होतं. प्रोस्टेटचा त्रास, दर तासाला जावं लागतं, परदेशात कुठे जायचं ते कळत नाही, स्टेशनवर जायचं तर युरो मोजायचे, म्हणजे आपले शंभरेक रुपये, आणि सगळ्यात मोठं म्हणजे दर वेळी मुलीला सांगायचं. हा विषय बाप-लेकीत निघत नाही, निदान आमच्या घरात तरी नाही. तू तो विषय काढलाच नाहीस. माझ्यादेखत त्यांना काही विचारलं नाहीस, मला बाजूला घेऊन कुजबुजली नाहीस. सरळ त्यांच्या हातात कागद दिलास, म्हणजे त्यांना मला काही विचारायलाच लागू नये. पुढचे सगळे दिवस बाबा खिशातून कागद काढायचे, बघायचे आणि म्हणायचे, 'मी जरा लायब्ररी बघून येतो.' आणि एकटे जायचे, एकटे यायचे. मी रस्त्यावर उभी राहून वाट बघायची आणि मला इतकं बरं वाटायचं ते सांगता येत नाही.

त्या कागदावर आम्ही अख्खं हॅम्बर्ग पाहिलं. ६२ नंबरच्या फेरीबोटीत बसलो फिंकेनवेर्डरपर्यंत, त्याच तिकिटात, टुरिस्ट बोटीचे पैसे वाचले, आणि समोर कंटेनर टर्मिनलला लागलेल्या बोटी इतक्या मोठ्या की बाबा नुसते मान वर करून बघत राहिले. कॅप सान दिएगो म्हणून जुनी मालवाहू बोट आहे १९६१ ची, आता म्युझियम केलंय, आत जायला तिकीट आहे म्हणून आम्ही धक्क्यावरूनच पाहिली, पण बाबांना आत जायची गरजच नव्हती, बाहेर उभं राहून त्यांनी मला इंजिनरूम कुठे, क्रू झोपायचा कुठे सगळं सांगितलं. श्पायखरश्टाटची लाल विटांची गोदामं पुलावरून बघितली, २०१५ पासून जागतिक वारसा आहेत ती, तिथे पूर्वी कॉफी, चहा, मसाले, गालिचे भरलेले असायचे. राटहाउसमध्ये, म्हणजे नगरभवनात, खालच्या दालनात कोणीही जाऊ शकतं, मागच्या चौकात जे कारंजं आहे ते १८९२ च्या कॉलऱ्याची आठवण म्हणून बांधलंय, आठ हजारांहून जास्त माणसं गेली होती त्यात. रविवारी पहाटे फिशमार्केट, १७०३ पासून भरतंय म्हणे, विकणारे असे ओरडतात की बाबांना आमच्या मिरकरवाडा बंदरातला मासळीचा लिलाव आठवला, तिथे पावात घातलेला आंबट हेरिंग मासा खाल्ला आणि बाबांनी तोंड न वाकडं करता संपवला.

आणि हॅम्बर्गजवळच्या वेडेल गावातली जागा. कागदाच्या अगदी शेवटी लिहिली होतीस, पुढे एक चांदणी काढून. नदीकाठी १९५२ पासून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना लाउडस्पीकरवरून मान देतात, त्या त्या देशाचं राष्ट्रगीत लावतात. बाबा तिथे बराच वेळ बसले. आमच्या वेळी आम्ही खाली इंजिनमध्ये असायचो म्हणाले, असं काही वर वाजतं हे मला आज कळलं. आपल्या देशाची बोट काही त्या दिवशी आली नाही. पण प्रत्येक बोटीला ते उठून उभे राहत होते, कुठल्याही देशाची असो.

स्वस्तात फिरायचं म्हणजे काय काय फुकट आहे ते शोधायचं असं सगळे सांगतात. ती माहिती ढिगाने मिळते. पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन कमी पैशात फिरायचं तर टॅक्सी नाही, दर तासाला कॅफेत जाऊन बसणं नाही, मग सगळा दिवस बाक, लिफ्ट आणि टॉयलेट यांच्यावर असतो, आणि हे कोणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याला त्याची गरज पडलेली नसते. तुला माहीत होतं कारण तू रोज रात्री दुसऱ्यांच्या आई-बापांना उठवतेस, बसवतेस, नेतेस. त्या वृद्धाश्रमातले लोक किती नशीबवान आहेत ते त्यांना तरी माहीत असेल का. चांगली माणसं मला खूप भेटलीत, हौसेने मदत करणारीही भेटलीत, पण मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये एवढा विचार करून मदत करणारी फार थोडी. आणि त्यातही रात्रभर जागून, पाय दुखत असताना, ओळख ना पाळख. तुझ्या आई-वडिलांना माझा नमस्कार सांग, त्यांनी काय शिकवलंय ते मी पाहिलंय.

कागद बाबांच्या पाकिटात आहे, लॅमिनेट करून आणलाय त्यांनी. बोगद्यातला तुम्हा दोघांचा फोटो गावात सगळ्यांना दाखवून झालाय, मुद्दाम त्या हसणाऱ्यांनाही.

तू म्हणालीस दोन वर्षं घरी गेली नाहीयेस. पुढच्या खेपेला परभणीला जाशील तेव्हा आई-बाबांना घेऊन आमच्याकडे रत्नागिरीला ये, एप्रिलअखेर आलीस तर हापूस असेल, समुद्र आहेच, खालच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे, तुझ्या आईचे गुडघे दुखतात म्हणाली होतीस ना, तिथे एकही पायरी नाही. तिकीट काढलंस की फक्त गाडी आणि तारीख कळव, स्टेशनवर मी आणि बाबा येतो.

तुझी,
रत्नागिरीच्या काकांची मुलगी