शीट टाकली, पण जोड कोणी तपासले?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्या नगरपंचायतीच्या नव्या डंपिंगचा फोटो आला होता, "अत्याधुनिक कचरा प्रकल्प" असं वर लिहिलेलं आणि खाली काळ्याकुळकुळीत प्लास्टिकवर सात-आठ मंडळी उभी, मधे नारळ फोडतायत. बातमी छान, छपाईही छान. पण मी तो फोटो मोबाईलवर मोठा करून करून बघितला आणि रात्री झोप लागेना, म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलं तर कापा, पण मधला वेल्डिंगचा भाग कापू नका.

मी काय इंजिनिअर नाही. आयटीआय करून बाहेर पडलो आणि चौदा वर्षं हेच काम केलं, गुजरातेत, तळोज्याकडे, मधे तीन वर्षं आखातात. कचऱ्याचं घाण पाणी जमिनीत उतरू नये म्हणून एचडीपीई (एक चिवट प्लास्टिक) शीट अंथरायची, जोडायची, तपासून द्यायची. जिओमेम्ब्रेन म्हणतात त्याला, साइटवर आम्ही नुसतं शीट किंवा लायनर म्हणायचो. आता घरी आहे, कलमं बघतो. त्यामुळे लोकांना त्या फोटोत नारळ दिसला आणि मला भलतंच दिसलं.

पहिलं म्हणजे नारळ. अहो दीड मिलीमीटर जाडीच्या शीटवर नारळ फोडायचा म्हणजे करवंटीचा तुकडा कुणाच्या तरी बुटाखाली जाणारच, आम्हाला साइटवर शीटवर चढायच्या आधी तळवे दाखवायला लागायचे, बुटात खडा अडकलाय का ते बघायला. बरं श्रद्धेचा भाग म्हणून सोडून देतो, बांधावर फोडला असता तरी देवाला पोचला असता. दुसरं, मागच्या उतारावर जोड आडवे दिसतायत. उतारावर जोड नेहमी वरून खाली यायला हवेत, आडवा जोड टाकला की अख्ख्या शीटचं आणि वरच्या कचऱ्याचं वजन त्याच जोडाला ओढतं. तिसरं, उतार जिथे तळाला मिळतो तिथे शीट ढोलकीच्या चामड्यासारखी ताणलेली दिसते, खाली हात जाईल एवढी पोकळी. फोटो दुपारचा आहे, सावल्या आखूड आहेत. दुपारी शीट फुगलेली, सैल असायला पाहिजे, वळ्या पडायला पाहिजेत. शंभर मीटरची शीट तीस डिग्रीने तापली तर अर्धा मीटरच्या आसपास लांबते आणि पहाटे तेवढीच आत येते. दुपारीच जी एवढी ताणलेली आहे ती पहाटे काय करत असेल? आणि त्या पोकळीवर कचऱ्याचं वजन आलं की फाटणार, दुसरं काय होणार.

आणि चौथं, कोपऱ्यात जेसीबी. शीटवर. खाली ना फळ्या, ना मातीचा थर.

माझे काका फोटो बघून म्हणाले, "अरे ह्या तर शेततळ्याचाच प्लास्टिक मा?" बऱ्याच लोकांना तसंच वाटतंय म्हणून सांगतो. शेततळ्यात बहुतेक ५०० मायक्रॉनचा कागद असतो, इथे १५०० मायक्रॉन म्हणजे तिप्पट जाड, पण खरा फरक जाडीचा नाहीच. शेततळं गळलं तर पाणी उतरतं, दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याला कळतं, तो शिव्या देत पॅच मारतो. डंपिंग गळलं तर वर काहीच दिसत नाही. जे गळतं ते खालच्या वाडीच्या विहिरीत, वर्षा-दोन वर्षांनी, आणि तोपर्यंत ठेकेदाराचं बिल निघून त्याने दुसऱ्या जिल्ह्यात काम धरलेलं असतं.

आता जागा बघा. आमचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. कातळावर पावसाचं पाणी धो धो पडतं आणि उघडीप मिळाली की तासा-दोन तासात गायब होतं, कुठे जातं? जांभ्याच्या भेगांतून, भोकांतून खाली, आणि खालच्या चिकट मातीला लागलं की आडवं वळून पायथ्याला झऱ्यात येतं. आमच्या वाडीच्या चारही विहिरी त्याच झऱ्यांवर आहेत. म्हणजे सडा म्हणजे चाळण आहे आणि त्या चाळणीवर आपण कचरा ठेवतोय, मधे फक्त ती शीट. म्हणूनच २०१६ च्या घनकचरा नियमांत नुसती शीट चालत नव्हती, दीड मिलीमीटर एचडीपीईच्या खाली ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती लागायची, आणि ती अशी की पाणी तिच्यातून वर्षाला जेमतेम तीन सेंटिमीटर सरकेल (नियमात ते आकड्यात होतं, मी हिशोब करून सांगतोय). शिवाय त्या मातीच्या तळापासून भूजल निदान दोन मीटर खाली असायला लागायचं, तेही पाणी सगळ्यात वर असेल तेव्हा. आमच्या सड्यावर ९० सेंटिमीटर माती कुठून आणली? बाहेरून आणली असेल, बेंटोनाइट (ओली झाली की फुगणारी माती) मिसळून केली असेल तर चांगलंच आहे, पण मग ती दाबल्याचे, तपासल्याचे कागद असतील ना. आणि श्रावणात सड्यावर पाणी किती खाली असतं ते कुठल्याही गुराख्याला विचारा. ही शीट पाण्यापेक्षा हलकी असते, खालून पाणी चढलं की ती फुगून वर येते, साइटवर आम्ही त्याला व्हेल म्हणायचो, देवमाशाची पाठ दिसावी तशी दिसते. एकदा तशी उचलली गेली की जोडांची वाट लागते.

जोडांबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण सगळा खेळ तिथेच आहे. शीटच्या मधे सहसा भोक नसतं, ती कारखान्यातून तपासून येते. रोल सात-एक मीटर रुंद असतो, एकेक रोल दीड टनाच्या आसपास, तो उलगडायचा, दुसरा त्यावर चार-सहा इंच चढवायचा आणि मधून वेज मशीन चालवायचं. तापलेली पाचर दोन्ही शीट वितळवते, मागचे रोलर दाबतात, आणि शेजारी शेजारी दोन जोड पडतात, मधे नळीसारखी पोकळी राहते. ती पोकळी उगाच नाही ठेवलेली. दोन्ही टोकं बंद करायची, एका टोकाला सुई खुपसून हवा भरायची, साधारण दोन बार दाबाने, आणि पाच मिनिटं दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा ठरल्यापेक्षा जास्त पडला की गळती. नाही पडला तरी काम संपलं नाही, मग लांबच्या टोकाला ब्लेड मारायचं आणि इकडे काटा धाडकन खाली आला पाहिजे. नाही आला तर मधे कुठेतरी नळी बुजलीय आणि तुम्ही अर्धाच जोड तपासलाय. हे शेवटचं ब्लेड मारणं घाईत सगळे विसरतात, मीही विसरलोय, खोटं कशाला बोलू.

एकदा तर मोठीच चूक झाली माझ्या हातून. एका जनरेटरवर दोन मशीन लावली, दुसरं सुरू झालं की व्होल्टेज पडायचं आणि माझी पाचर थंड व्हायची, मला पत्ताच नाही. जोड वरून एकदम झकास दिसत होता, चकचकीत. संध्याकाळी क्यूसीवाल्याने, म्हणजे कामाचा दर्जा तपासणाऱ्याने, त्यातून तुकडा कापला, दर दीडशे मीटरला एक कापायचाच असतो, मशीनला लावून सोलला तर केळीच्या सालीसारखा निघाला. साठ मीटर. रात्रभर दिवे लावून त्यावर पट्टी मारत बसलो. तेव्हा त्या क्यूसीवाल्याला मनात काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, आज वाटतं बरं झालं तो होता.

आमच्या डंपिंगवर असा तुकडा कापणारा कोणी होता का? मी दोनदा तिकडे जाऊन आलो, कुंपणाबाहेरूनच बघितलं. दोन जोडांच्या कडेला जांभ्याची लाल धूळ दिसली. आपली ही धूळ तुम्हाला माहितीय, गाडी पुसून घरात येईपर्यंत परत बसते. जोड मारायच्या आधी फडक्याने पुसली नाही तर ती आतच भाजली जाते आणि शीट चिकटल्यासारखी दिसते पण चिकटत नाही. वर मे महिना, दुपारचा समुद्राचा वारा. शीटवर वाळूच्या गोण्या जेमतेम दहा-बारा, माझ्यासमोर एक टोक शिडासारखं उचललं आणि आपटलं. तिथल्या पोरांचा दोष नाही, त्यांना सात जूनच्या आत संपवा असं वरून सांगितलंय, कारण मृगाचा पाऊस.

पावसाचंच घ्या. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटर धरला तर एक एकर उघड्या खड्ड्यात सव्वा कोटी लिटरच्या आसपास पाणी पडतं, दहा हजारी टँकरच्या बाराशे खेपा. कचऱ्यातून गेलं की ते पाणी राहत नाही, काळ्या चहासारखा लिचेट होतो. शीट एकदम पक्की असली तरी तो कुठे काढणार, टाकी केवढी, पंप आहे का, लाईट गेल्यावर काय (आणि आमच्याकडे पावसात लाईट जाते हे सांगायला नकोच)? २०१६ च्या त्या नियमांत पावसाळ्याआधी कचऱ्यावर ४० ते ६५ सेंटिमीटर मातीचं झाकण घालायला सांगितलं होतं ते ह्यासाठीच. पहिल्याच पावसाळ्यात खड्डा उघडा ठेवणार असतील तर सरळ पोहायचा तलाव म्हणून उद्घाटन करा.

माझा प्रकल्पाला विरोध नाही, हे ठळक छापा हवं तर. जुनं डंपिंग तर बिनाशीटचंच आहे, वीस वर्षं कातळावर ओततायत आणि उन्हाळ्यात पेटवतायत, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. पण नगरपंचायतीने आधी हवा चाचणीचं रजिस्टर आणि कुठली शीट कुठे, कुठला जोड कुणी कधी मारला तो नकाशा लोकांना दाखवावा. काम बरोबर झालं असेल तर हे दोन्ही कागद ठेकेदाराकडे असतातच, नवीन करायला लागत नाहीत. आणि वर खडीचा थर टाकल्यावर एकदा करंटची चाचणी बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावी. सोपी आहे, प्लास्टिकमधून वीज जात नाही, भोक असेल तिथूनच जाते, एक तार वरच्या ओल्या खडीत, एक बाहेर जमिनीत, मीटर घेऊन चालत जायचं, जिथे काटा उडाला तिथे खणायचं. खडी टाकल्यावरच करायची कारण जास्तीत जास्त भोकं ती खडी पसरतानाच पडतात, डंपर आणि जेसीबीच्या कृपेने. मशीनखाली निदान फूटभर थर पाहिजे, भरलेल्या डंपरसाठी त्याहून बराच जास्त, हे तरी कोणीतरी त्या ड्रायव्हरला सांगा.

आणि एक गोष्ट आम्ही वाडीवालेच करतोय. परवा चारही विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला देणार आहोत, क्लोराईड, अमोनिया, नायट्रेट, लोह सगळं. आमच्या काकीने विचारलं, "पाणी बरा आसताना कित्या तपासतंस रे?" बरं आहे म्हणूनच. समुद्र जवळ आहे, खालच्या दोन विहिरी मुळात जरा मचूळ. उद्या लिचेट उतरून क्लोराईड वाढलं तर साहेब लोक म्हणणार की हे तर समुद्राचं खारं पाणी, पहिल्यापासूनच होतं. तेव्हा दाखवायला आमच्याकडे पहिला कचरा पडायच्या आधीच्या तारखेचा रिपोर्ट पाहिजे. खालच्या बाकीच्या दोन वाड्यांनीही पाऊस लागायच्या आत हे करून घ्यावं, बाटल्या कमी पडल्या तर आमच्याकडे आहेत.

नाव छापू नका ही विनंती, गावातच राहायचंय आणि ठेकेदाराचा मुकादम माझा शाळूसोबती आहे. त्याला हे सगळं मी तोंडावर सांगितलेलं आहे, तो म्हणाला साहेबांना सांग. साहेब भेटत नाहीत म्हणून तुम्हाला सांगतोय.

आपला नेहमीचा वाचक,
जि. सिंधुदुर्ग